मनगट मोडणारी दलेंदा

चिडल्या की बायका बोटं मोडतात. दलेंदा मनगटं मोडायची. म्हणजे स्वतःची नव्हे, दुसऱ्यांच्या पोरांची. "मोड! मनगट मोड! अजून मोड!" असा तिचा आवाज दुपारी क्लबवर सुरू झाला की भिंतीवरचे समुद्रपक्षी उडून जायचे आणि मी चहाचं पाणी ठेवायचे. मला घड्याळाची कधी गरजच पडली नाही.

माझी खाण्याची खिडकी क्लबच्या मागच्या भिंतीला टेकून आहे. तळलेल्या पावात टूना, उकडलेलं अंडं आणि भरपूर हरिसा, म्हणजे लाल मिरचीचा झणझणीत ठेचा, भरून मी फ्रिकासे विकते, पोरं ते खाऊन हाशहुश करत परत कोर्टावर जातात. भिंतीच्या पलीकडे लाल मातीची चार कोर्ट, त्यापलीकडे रस्ता, आणि त्यापलीकडे महदियाचा समुद्र. खेळाडूंपेक्षा वाराच जास्त गुण मिळवतो इथे.

दलेंदा जल्लूली माझी शाळेपासूनची मैत्रीण. बुटकी, रुंद, डोक्यावर उन्हाने पांढरी पडलेली टोपी, गळ्यात शिट्टी. शिट्टी तिने कधी वाजवली नाही, घशापुढे शिट्टीचं काय चालणार! सकाळी सरकारी शाळेत कवायत शिकवायची, दुपारी क्लबवर टेनिस. नाकावर माशी बसू देणार नाही अशी बाई. पण तिच्या हाताखालून गेलेलं एकही पोर तिच्याविषयी वाकडा शब्द बोलत नाही, बोललं तर मी त्याच्या फ्रिकासेत हरिसा दुप्पट घालते.

शाळेत असताना दलेंदा आख्ख्या किनाऱ्यावर भारी होती. तिचे गुरू सी बशीर ('सी' म्हणजे आमच्याकडचं 'श्री'), जुन्या वळणाचे, देवमाणूस. त्यांनी तिला शिकवलं, सर्व्हिस म्हणजे मनगट. चेंडू वर उडव, हात मागे ने, आणि चेंडूवर आल्यावर मनगट मोड. ती मोडत राहिली, जिंकत राहिली, आणि कॉलेज संपायच्या सुमारास एक दिवस तिचा खांदा गेला. ऑपरेशन झालं. तेव्हापासून तिचा उजवा हात कानाच्या वर जात नाही. तिच्या गच्चीवर कपडे वाळत घालायची दोरी कमरेच्या उंचीवर बांधलेली आहे. नवीन शेजारीण हसली होती, तर मी तिला असं काही सुनावलं की ती आता स्वतःची दोरीही जपून बांधते.

दलेंदा म्हणायची, "नशीब! कुणाची तरी नजर लागली." आणि दुसऱ्या दिवशी पोरांना तेच सांगायची जे सी बशीरनी तिला सांगितलं होतं. मनगट मोड. त्यात तिला काही वावगं वाटत नव्हतं, मलाही नव्हतं. सगळ्या देशात सगळे तेच तर ओरडत होते.

मग आली सीरीन.

सीरीन म्हणजे गणिताचे मास्तर सी मुन्सिफ यांची मुलगी. पंधरा वर्षांची, ताडमाड उंच, बोलायला लाजरी आणि खेळायला वाघीण. तिचा फोरहँड बघताना माझं तेल करपायचं, इतकी मी फाटकातून दिसावं म्हणून खिडकीबाहेर लोंबकळायचे. फक्त सर्व्हिस तिची लंगडी. पहिली जाळीत, दुसरी घाबरत घाबरत. आणि त्या वर्षी हिवाळ्यात तिचा खांदा दुखायला लागला. आधी खेळानंतर, मग खेळताना, मग दप्तर उचलताना.

दलेंदाने ते पाहिलं त्या दिवशी ती माझ्याकडे चहा प्यायला आली आणि चहा न पिताच बसून राहिली.

"सलवा, नेमकी तीच जागा," ती म्हणाली. "माझी दुखायची तीच. बोट ठेवून दाखवलं पोरीने."

"अगं, थोडी विश्रांती दे. तेलाने चोळ."

"मलाही हेच सांगितलं होतं सगळ्यांनी."

त्यातच सी मुन्सिफ क्लबवर आले. सभ्य माणूस, शर्टाचं वरचं बटणही लावलेलं. म्हणाले, "मादाम, उन्हाळ्यात विभागाची फायनल आहे ना? ती जिंकली तर राजधानीतल्या प्रशिक्षण केंद्रात जागा मिळते, राहायची सोय, शाळा, सगळं. मिळाली तर मी आडवा येणार नाही. पण हरली किंवा खांदा असाच दुखत राहिला, तर रॅकेट माळ्यावर. मला मुलगी दोन्ही हातांनी धडधाकट हवी आहे." असं बोलताना त्यांची नजर चुकून दलेंदाच्या हाताकडे गेली. त्यांनी लगेच ती वळवली, पण जे व्हायचं ते होऊन गेलं होतं.

त्याच महिन्यात राजधानीत प्रशिक्षकांचं शिबिर होतं. दलेंदा अशा शिबिरांना जाताना नेहमी म्हणायची, "तिथे जेवण चांगलं असतं." यावेळी गेली आणि परत आली ती बसमधून उतरून तडक माझ्या खिडकीशी. बॅग रस्त्यातच टाकली. डोळे असे चमकत होते की मला वाटलं ताप आलाय.

"सलवा! मनगट मोडतच नाही!"

"कुणाचं?"

"कुणाचंच! जगातल्या कुठल्याच भारी खेळाडूचं मोडत नाही! चेंडू लागतो तेव्हा मनगट जवळजवळ सरळ असतं!"

झालं होतं असं. शिबिरात डॉक्टर लुबना नावाची एक तरुण पोरगी आली होती. औषधवाली डॉक्टर नव्हे, शरीराच्या हालचालींवर संशोधन करणारी. खेळाडूच्या अंगावर चमकणाऱ्या टिकल्या लावायच्या, चहूबाजूंनी कॅमेरे ठेवायचे, आणि डोळ्याची पापणी लवायच्या आत जे होतं ते संथ करून बघायचं, असं तिचं काम. तिने सुरुवातीलाच विचारलं, "मुलांना 'मनगट मोड' असं कोण सांगतं?" आमच्या बाईंनी मोठ्या अभिमानाने हात वर केला. डावा. सगळा हॉल हसला, आणि लुबना म्हणाली, "मादाम, ते खरं नाही."

"मग मी भांडले," दलेंदा म्हणाली.

"ते सांगायची गरज नाही."

"म्हटलं, ए पोरी, तुझा जन्म व्हायच्या आधीपासून मी हे शिकवतेय. तर तिने नुसती फिल्म लावली गं. संथ. माझ्या डोळ्यांनी बघितलं मी. आधी गुडघे वाकतात, मग पाय जमिनीला ढकलतात, मग कंबर फिरते, मग खांदे, आणि हात बिचारा सगळ्यात मागे, झोपेतून उठल्यासारखा येतो. मग दंड आतल्या आत फिरतो, खांद्याच्या खोबणीत, आणि त्याच्यासोबत हा पुढचा हात. त्या फिरण्यानेच मनगट मोडल्यासारखं दिसतं. दिसतं! सी बशीरना दिसलं, मला दिसलं, सगळ्यांना दिसलं. आणि पाय वापरले नाहीत, की ते सगळं ओझं खांद्यावर आणि कोपरावर येतं."

हे बोलून तिचा डावा हात उजव्या खांद्यावर गेला. तिच्या डोक्यात काय चाललं होतं हे मला कळत होतं आणि तिलाही कळत होतं की मला कळतंय.

"म्हणजे नजर नव्हती," शेवटी ती म्हणाली. "पाय नव्हते."

दुसरी कुणी असती तर रडत बसली असती. दलेंदाने माझ्या हातात लाटणं दिलं आणि म्हणाली, "ऊठ. सर्व्हिस कर."

पुढचे दिवस मी जगातली सगळ्यात जाडी टेनिसपटू होते. खिडकीमागच्या मोकळ्या जागेत मी लाटणं घेऊन उभी, दलेंदा फोनवर माझी फिल्म काढतेय आणि ओरडतेय, "गुडघे! सलवा, तुला गुडघे आहेत का नाहीत?" गिऱ्हाईकं थांबून बघायची. मच्छीवाला हादी रोज यायचा, एक फ्रिकासे घ्यायचा आणि शेवटच्या घासापर्यंत हसायचा. संध्याकाळी ती फिल्म डॉक्टर लुबनाला पाठवायची. लुबना बिचारी उत्तर द्यायची, "मादाम, ह्या खेळाडूचा खांदा फार छान सैल आहे." मी ते आठवडाभर सगळ्यांना सांगत फिरले.

पण कोर्टावर काही धड होईना. उलट जे होतं तेही बिघडलं. लुबनाचे कागद फ्रेंचमध्ये होते आणि दलेंदा ते जसेच्या तसे पोरांवर ओतायची. दंड खोबणीत आत फिरतो त्याला फ्रेंचमध्ये 'रोतास्यों एंतेर्न' म्हणतात. आता 'रोतास्यों' म्हणजे फिरणं, आणि आमच्याकडे 'एंतेर्न' म्हणजे शाळेच्या वसतिगृहात राहणारी मुलगी. पोरांना तेवढं पुरे होतं.

"मादाम, वसतिगृहवाल्या कशा फिरतात?"

"रविवारी फिरतात! रात्री सातच्या आत परत!" दुसरं पोर ओरडायचं.

आणि सगळी हसत मातीत लोळायची. सीरीन हसायची नाही. ती शहाणी मुलगी, प्रत्येक शब्द मनावर घ्यायची. चेंडू हातात घेऊन उभी राहायची आणि ओठ हलत असायचे: गुडघे, कंबर, खांदा, कोपर, दंड. तोवर चेंडू वर जाऊन खालीही आलेला असायचा. एका दुपारी तिने ओळीने इतके डबल फॉल्ट केले की शेवटी रॅकेट खाली ठेवून म्हणाली, "मादाम, मला चालताही येईनासं झालंय. कुठला पाय आधी टाकायचा तेच आठवत नाही."

दलेंदा माझ्याकडे आली आणि टोपी काऊंटरवर आपटली. "सगळं खरं आहे, सलवा. कागदावरचं अक्षर न् अक्षर खरं आहे. पण पोरीच्या हातात पोचत नाही! 'मनगट मोड' खोटं होतं, पण एका श्वासात सांगता यायचं. मला खऱ्यासाठी तेवढाच लहान शब्द हवाय."

शब्द सापडला तो सासियामुळे. सासिया आमच्या गल्लीतली. मनाने वाईट नाही, पण तिने ज्याचं कौतुक केलं ते गेलं म्हणून समजावं. माझ्या लिंबाच्या झाडाला "काय लगडलंय!" म्हणाली, आठवड्यात ते वाळलं. तर त्या दिवशी सासिया भाजी घेऊन जाताना थांबली, उघड्या फाटकातून कोर्टाकडे बघून म्हणाली, "अगं बाई, ही सीरीन किती उंच झाली! आणि खांदे तरी कसले!"

खांदे! नेमके खांदे! सासियाने पाठ वळवली न वळवली, माझा हात कानामागून सुटला आणि पाची बोटं पसरून तळवा तिच्या पाठीवर रोखला, "खम्सा!" नजर उलटवायला आमच्याकडे हेच करतात. खम्सा म्हणजे पाच, पाच बोटं नजर लावणाऱ्याच्या डोळ्यात. पाठीमागेच करायचं असतं. तोंडावर केलं तर तुझी नजर वाईट आहे असं म्हटल्यासारखं होतं, आणि मग भांडण अटळ.

"परत कर!" खिडकीशी चहा घेत असलेली दलेंदा किंचाळली.

"गेली ना ती आता."

"परत कर म्हणते ना! थांब, फोन काढते."

मी सासियाच्या रिकाम्या वाटेवर पुन्हा खम्सा मारला. आणखी एकदा. आणखी एकदा. दलेंदा फोनमध्ये नाक घालून संथ फिल्म बघत होती आणि तिचा श्वास वाढत चालला होता. "बघ! हात कानाशी असताना तळव्याची कड पुढे आहे. सुरीसारखी. आणि मग शेवटच्या क्षणी तळवा उघडतो, बाहेर फिरतो. दंड आत फिरला! सलवा, तुझा दंड आत फिरला! आणि मनगट? सरळ! आणि पाय बघ, टाचा उचलल्यास तू रागाने!"

"मग? रागावले होतेच मी."

"महदियातल्या प्रत्येक बाईला येतं हे," ती म्हणाली आणि मला मिठी मारली. माझे हात तेलाचे होते, तिची टोपी कायमची बाद झाली.

दुसऱ्या दिवशी कोर्टावर तिने सगळ्या पोरांना जाळीशी उभं केलं. म्हणाली, "आजवर मी तुम्हाला मनगट मोडायला सांगत होते. ते चूक होतं. विसरा. चेंडू तुमच्याकडे वाईट नजरेने बघतोय. त्याला खम्सा द्या." मग सीरीनने चेंडू उडवला, गुडघे वाकले, आणि तिचा हात कानामागून असा सुटला की रॅकेटचा आवाज मी कढईच्या चरचराटातही ऐकला. आवाज गोल होता. आधीचा चपटा असायचा. चेंडू मागच्या जाळीला जाऊन आदळला आणि सगळी पोरं ओरडली, "खम्सा!"

त्यानंतर क्लबवर दुसरा शब्द ऐकूच आला नाही. फोनमधल्या फिल्म लुबनाकडे जात होत्या, तिकडून सूचना येत होत्या, गुडघे अजून थोडे, कोपर खांद्याच्या रेषेत, आणि दलेंदा त्या सूचना स्वतःच्या पोटात ठेवून पोरीला फक्त एक शब्द द्यायची. सीरीनचा खांदा हळूहळू शांत झाला. दप्तर उचलताना ती तोंड वाकडं करेनाशी झाली. पण रोज खेळानंतर दलेंदा विचारायचीच, "दुखतोय?" आणि सीरीन म्हणायची, "थोडा." त्या 'थोडा'वर दलेंदाची झोप उडायची.

फायनल आमच्याच क्लबवर झाली. समोर शेजारच्या सूस शहरातली मालेक, फटाकडी पोर, अंगात नुसती वीज. तिची आई मादाम सुहैर पलीकडच्या टोकाला पहिल्याच रांगेत, मनगटभर सोन्याच्या बांगड्या घालून. सी मुन्सिफ बटणं लावून एका कोपऱ्यात. पहिला सेट आमचा, दुसरा त्यांचा. तिसऱ्यात सीरीन दमली, आणि दमल्यावर अंगातली जुनी सवय वर आली. पाय वापरेना. हातानेच मारायला लागली, मनगट मोडत. एक डबल फॉल्ट झाला, आणि पुढच्या सर्व्हिसच्या आधी तिने डाव्या हाताने उजवा खांदा धरला.

मी ते पाहिलं. सी मुन्सिफनी पाहिलं. आणि दलेंदाने पाहिलं.

खेळ चालू असताना प्रशिक्षकाने बोलायचं नसतं. दलेंदाला हे सगळ्यात जास्त माहीत. पण तो खांदा होता. ती उभी राहिली, हात जेवढा वर जातो तेवढा नेला आणि समोर रोखून ओरडली, "खम्सा! खम्सा!"

हात सीरीनसाठी होता, पण समोर नेमकी मादाम सुहैर. आणि सूसमध्येही खम्सा म्हणजे खम्साच.

"कुणाला गं? कुणाला खम्सा?" मादाम सुहैर ताडकन उठली. "माझी नजर वाईट? माझ्या मुलीची नजर वाईट?"

"तुला नाही, बाई! सर्व्हिसला!"

"सर्व्हिसला? सर्व्हिसला डोळे असतात?"

सगळा क्लब उठून उभा. महदिया एका बाजूला, सूस दुसऱ्या. पंच म्हणजे एक कोवळा मुलगा, त्याला घाम फुटला. त्याने आधी सगळ्यांना बसवलं आणि मग दलेंदाला सांगितलं, "मादाम, एक तर खेळात बोललात, वर पालकांचा अपमान. कृपा करून बाहेर जा."

दलेंदा बाहेर म्हणजे माझ्या खिडकीशी आली, तिच्या शेजारी बसलेली मीही मागोमाग. चेहरा राखेसारखा. फाटक मागून लावलेलं, भिंत तिच्यापेक्षा उंच, आतलं काही दिसेना. मी सरबताच्या बाटल्यांचा क्रेट पालथा घातला.

"तू चढ," ती म्हणाली. "माझ्याने बघवणार नाही. चढ आणि सांग."

मी चढले. सीरीन आमच्याच टोकाला, माझ्याकडे पाठ करून. तिच्या पलीकडे मालेक, आणि मालेकच्या मागे मादाम सुहैर, अजून धुमसत.

"काय झालं?"

"टायब्रेक. बरोबरीत आहेत."

"गुडघे वाकतायत?"

"मला काय विचारतेस, माझे स्वतःचे..."

"सलवा!"

"नाही वाकत. हातानेच मारतेय."

ती भिंतीला कपाळ टेकून उभी राहिली. आत एक लांबलचक रॅली झाली, मी घसा फोडून सांगत होते, उजवीकडे, डावीकडे, परत उजवीकडे, आणि मालेकचा चेंडू बाहेर! आता फक्त एक गुण. सर्व्हिस सीरीनची. पहिली मारली, सरळ जाळीत. परत खांद्याला हात.

"अरे देवा," मी म्हणाले, आणि जरा मोठ्यानेच.

मादाम सुहैरने वर पाहिलं. भिंतीवर माझं डोकं. तिला मी दलेंदाची साथीदारीण म्हणून आधीच ठाऊक होते. तिला वाटलं मी तिच्या मुलीवर काहीतरी पुटपुटतेय. ती उठली, टाचा उचलल्या, हात कानामागे गेला, बांगड्या खळकन वाजल्या, कड पुढे, आणि मग पाची बोटं पसरून तळवा सणसणीत उघडला. थेट माझ्यावर. "खम्सा तुझ्याच डोळ्यात!"

काय खम्सा होता तो! मी गावात असा बघितला नाही. पाय, कंबर, खांदा, दंड, सगळं ओळीने. आणि माझ्या आणि तिच्या मध्ये, तिच्याकडे तोंड करून, चेंडू हातात घेऊन उभी होती सीरीन.

सीरीनची पाठ हलली, ती हसत होती. इतका वेळ कानाशी चिकटलेले तिचे खांदे हसताना खाली आले.

"काय झालं? सांग ना! सलवा!" दलेंदा माझा झगा ओढत होती.

"चेंडू उडवला! गुडघे! दलेंदा, गुडघे वाकले! कंबर..."

तिने इतक्या जोरात ओढलं की क्रेट कलंडला आणि मी खाली. आदळता आदळता मला फक्त आवाज आला. गोल आवाज.

"आत," दलेंदा म्हणाली.

आत कुणी ओरडायच्या आधी म्हणाली. मग, मालेकच्या रॅकेटचा आवाज न येताच, भिंतीपलीकडे सगळं महदिया फुटलं, शिट्ट्या, टाळ्या, बायकांचे जिभेचे चीत्कार. मी मातीत बसूनच ओरडत होते, कोपर सोललं होतं तेही कळलं नाही. हादी मच्छीवाला रस्त्यातून धावत आला आणि काय झालं हे न विचारताच नाचायला लागला.

फाटक उघडलं आणि सीरीन धावत बाहेर आली. पायापासून गुडघ्यापर्यंत लाल माती, मागे सी मुन्सिफ, शर्टाचं वरचं बटण उघडं, डोळे पुसत. त्यांच्यामागे मालेकही आली होती, आणि तिच्यामागे मादाम सुहैर, जरा ओशाळलेली. सगळे थांबले. दलेंदा आता पोरीला मिठी मारेल, उचलून घेईल, स्कोअर विचारेल, असं सगळ्यांना वाटलं.

तिने सीरीनचा उजवा हात धरला, अंडं धरावं तसा.

"दुखतोय?"

सीरीनने हात सोडवून घेतला आणि वर नेला. कानाच्या वर, डोक्याच्या वर, सरळ आभाळात, आणि तिथेच धरून ठेवला.

"नाही, मादाम. थोडाही नाही."

दलेंदा त्या वर गेलेल्या हाताकडे बघत राहिली. मग कलंडलेल्या क्रेटवर बसली आणि लहान मुलीसारखी मोठमोठ्याने रडायला लागली. आम्ही कुणी तिला गप्प केलं नाही. पोरीचा हात अजून वरच होता.